डांबरगोळ्यांचा वास

नसरापूरच्या एका लहान प्रसूतिगृहातल्या सिस्टर बाळंतिणीसाठी आलेलं गाठोडं आधी हुंगून बघतात, असं ऐकलं आणि मी तिथे गेले. वेल्ह्याकडून आलेल्या एका आजींनी गाठोडं सोडलं, तशी खोलीभर डांबरगोळ्यांची उग्र दर्प पसरला.

"आजी, दुपटी ट्रंकेतली ना?"

"व्हय. माझ्या लेकाची हायती, जपून ठेवलेली."

"वास पुरता जाईस्तोवर ती बाळाजवळ नकोत. सध्या आमची घ्या."

आजींचा चेहरा उतरला. सिस्टरनी त्यांना जवळ बसवून घेतलं.

या वासाच्या धास्तीचं कारण आहे 'जीसिक्सपीडी' नावाचं विकर. लाल पेशीत ना केंद्रक, ना मायटोकॉन्ड्रिया. तिचा सगळा कारभार ग्लुकोजवर. त्यातलं थोडं ग्लुकोज हे विकर वेगळ्या वाटेनं वळवतं, आणि त्यातूनच पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवणारं एनएडीपीएच तयार होतं. "लाल पेशी १२० दिवस जगते," सिस्टर म्हणाल्या. केंद्रक नसल्यानं नवं विकर बनत नाही. घडताना मिळालेल्या शिदोरीवरच १२० दिवस काढायचे. शिदोरी मुळातच कमी असेल, तर डांबरगोळीतलं नॅप्थालीन किंवा हिवतापावरचं प्रायमाक्विन पुरतं. पेशी फुटतात, लघवी काळपट होते, आणि नवजात बाळाची कावीळ मेंदूपर्यंत पोचू शकते.

हा दोष १९५६ मध्ये शिकागोला उलगडला, तुरुंगातल्या कैद्यांना प्रायमाक्विन देऊन. त्या कैद्यांचा विचार मनातून जात नाही. आपल्याकडेही हा दोष आहेच: १९८४ साली एका कोळी कुटुंबातल्या प्रकाराची नोंद झाली, त्याचं नाव 'जीसिक्सपीडी कल्याण'.

हा दोष ओळखण्यासाठी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर वाळवतात, तो कागद प्रयोगशाळेत जातो. तिथे अतिनील दिव्याखाली निरोगी ठिपका निळसर चमकतो. विकर कमी असलेला काळाच राहतो. इतकी साधी तपासणी सरसकट प्रत्येक बाळाची होत नाही, हे मला पटत नाही.

काळा ठिपका आला, की टाळायच्या औषधांची यादी सिस्टर फाइलवर स्वतः लिहितात: प्रायमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आधी हे दाखवा, असं बजावतात. दोषाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून मुलाला तो आईकडूनच येतो. हे कळल्यावर घरी कुणाला बोल लागणार, ते सिस्टरना ठाऊक आहे. त्यामुळे आधी त्या बाळंतिणीशी एकटीशी बोलतात, आणि मग बाप समोर येऊन बसल्याशिवाय रिपोर्ट वाचतच नाहीत.