दूध, सिलिंडर आणि ऑक्सिजन

कोरोनाच्या दोन वर्षांतली कालनिर्णयची पानं आमच्या डोंबिवलीच्या घरात सासूबाईंनी जपून ठेवली आहेत. 1973 पासून निघणारं हे कॅलेंडर आपण तिथी-वारांसाठी लावतो, पण त्याच्या चौकोनांत घराचा हिशेबही चालतो. दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लावला, कामाच्या मावशींचे खाडे किती. मी कित्येक वर्षं सकाळची लोकल पकडून मुंबई गाठणारी आणि अंधार पडल्यावर परतणारी. ते चौकोन रोज दिसायचे; त्यांत मावलेला घराचा दिवस मात्र मी पाहिलाच नव्हता.

मार्च 2020 च्या पानावर 22 ला जनता कर्फ्यू आणि 23 ला ‘लोकल बंद’ असं लिहिलं आहे. त्याच 23 तारखेला मुलाचा दहावीचा भूगोलाचा पेपर होता. चाळीस मार्कांचा तो शेवटचा पेपर आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून मार्क मिळाले. नकाशे गिरवून बसलेल्या मुलाला ती सुटका वाटली नाही. कितीतरी दिवस त्याने पुस्तकं टेबलावरून हलवू दिली नाहीत. 25 ला गुढीपाडवा आणि देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवस. साखरेची गाठी आणायला कोण जाणार? सोसायटीच्या आवारातला कडुलिंब, ठेवणीतला खण आणि घरातला तांब्या, एवढ्यावर गुढी उभी राहिली.

एप्रिलच्या पानावर मावशींचा एकही खाडा नाही. ‘‘अगं, आपण त्यांना येऊ दिलं नाही. त्यांनी कुठे सुट्टी घेतली?’’ सासूबाई म्हणाल्या, आणि पगार पूर्ण गेला. अनेक घरांनी त्या महिन्यांचे पैसे कापले. तो अन्याय होता असं मला आजही वाटतं, कारण ज्यांची चूल रोजच्या कामावर पेटते, त्यांच्याकडे घरून काम करण्याची सोय नव्हती.

आम्ही मात्र घरून काम करत होतो आणि त्याचा भार कोणावर पडतोय, हे कळायला मला वेळ लागला. दुपारी दोन ते चार हे घर सासूबाईंचं एकटीचं असायचं. मागचं आवरून झालं की रेडिओ हळू लावायचा, पाय पसरून मासिक वाचायचं. आता त्याच हॉलमध्ये माझी मीटिंग, मुलाचा मोबाइल आणि ओट्याशी लॅपटॉप ठेवून बोलणारा नवरा. वर प्रत्येकाला चहा वेगळ्या वेळी. त्या बोलल्या काहीच नाहीत. एकदा भरदुपारी बाल्कनीत स्टुलावर बसून त्या वाचताना दिसल्या, तेव्हा आम्ही ते दोन तास हॉल रिकामा ठेवायला लागलो.

एप्रिल 2021 मध्ये नवरा आजारी पडला आणि बेडरूमचं दार बंद झालं. दूध-सिलिंडरच्या शेजारी आता ऑक्सिजनचे आकडे आले. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश सोडतो. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन ते प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून टक्केवारी निघते. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. या आजारात धाप न लागताही ऑक्सिजन उतरायचा, म्हणून नुसतं ‘बरं वाटतंय’ यावर विसंबता येत नव्हतं. खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा 94 च्या खाली गेला किंवा चालल्यावर घसरला, तर डॉक्टरांना फोन. नवरा आतून ओरडून आकडा सांगायचा, सासूबाई तो दोनदा वदवून घ्यायच्या आणि वेळेसकट लिहायच्या. फोनवर डॉक्टरांनी विचारलं की चौकोन वाचून दाखवायच्या. त्या शाईत कुठेही थरथर नाही. घाबरलेली मी होते.

आकडे 97-98 वर स्थिरावले, दार उघडलं. दोन डोस होऊन 14 दिवस झालेल्यांना 15 ऑगस्ट 2021 पासून लोकल खुली झाली आणि माझा प्रवास पुन्हा सुरू झाला. गॅस संपो, कुरिअर येवो, दुपारी दोन ते चार घरी फोन करायचा नाही, हे आम्ही तिघं आजही पाळतो.