दोस्तांसोबत तीन दिवस हैदराबाद : ऊन, हिशेब आणि नमाज सांभाळून सहल कशी आखावी

यंदा 1 मे, महाराष्ट्र दिन, शुक्रवारी येतो आहे. त्याला जोडून शनिवार-रविवार. मुलांच्या परीक्षा संपलेल्या, बकरी ईद मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे कुर्बानीच्या धावपळीलाही वेळ आहे. अशा वेळी दोस्तांच्या ग्रुपवर हमखास मेसेज पडतो, ‘चला, कुठेतरी जाऊया.’ दहा जण ‘इन्शाअल्लाह’ म्हणतात आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच थांबते.

कधी कधी मात्र लोक खरंच जातात आणि परत येतात ते मनं थोडी कडवट करून. त्यात दोष ठिकाणाचा क्वचितच असतो. खर्च किती, तो कुणी कसा द्यायचा आणि कुणाच्या सोयीने फिरायचं, या गोष्टी निघण्याआधी कुणी तोंडावर बोललेलं नसतं. लाजेपोटी न बोललेली गोष्ट प्रवासात तीन दिवस सोबत फिरते. म्हणून आज आपण एक शहर समोर ठेवून सहलीची आखणी कशी करावी ते पाहू. शहर आहे हैदराबाद.

हैदराबादच का?

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात. बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या कितीतरी घरांत आजही ‘आमचे हैदराबादचे नातेवाईक’ असतात. भाषेची अडचण नाही, खाण्यापिण्याची चिंता कमी. सोलापूरहून रस्त्याने अंतर सुमारे 300 किलोमीटर. मुंबई-पुणे-सोलापूरकरांसाठी रात्री मुंबईहून सुटणारी हुसेनसागर एक्स्प्रेस आहे, तर छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेडकडच्या मंडळींना देवगिरी एक्स्प्रेस सोयीची पडते.

आधी खिसा, मग ठिकाण

चार दोस्त एका वर्गात शिकले म्हणून चौघांची कमाई सारखी नसते. एक जण आखातातून परतलेला, एक सरकारी नोकरीत, एकाचं गॅरेज, एक हंगामी कामावर. ग्रुपवर एसी डबा आणि मोठ्या हॉटेलची चर्चा सुरू झाली की चौथा हळूच म्हणतो, ‘घरी थोडं काम आहे यार, तुम्ही जाऊन या.’ घरी काही काम नसतं. त्याच्याकडे तेवढे पैसे नसतात आणि ते चौघांसमोर सांगायचं नसतं. सहलीची सगळ्यात मोठी किंमत हीच, की सोबत असायला हवा तोच माणूस मागे राहतो.

यावर उपाय अवघड नाही. हॉटेल आणि डबा ठरवण्याआधी प्रत्येकाने एकाच व्यक्तीला खासगीत सांगावं, ‘मला इतकं परवडतं.’ त्यातला सगळ्यात कमी आकडा घ्यायचा आणि त्या आकड्यात सहल बसवायची. ज्याला जास्त खर्च करायचा त्याने आपल्या खरेदीवर करावा, मुक्काम आणि जेवण सगळ्यांना झेपेल असंच ठेवावं. दोन-तीन महिने हातात असतील तर भिशीसारखी दर महिन्याला ठरावीक रक्कम जमा करत जावी. एकदम मोठी रक्कम काढणं जड जातं, तीच तीन हप्त्यांत जाणवत नाही. क्रेडिट कार्डावर सहल करून नंतर व्याज भरत बसण्यात ना बरकत, ना मजा.

हिशेब लिहून ठेवा

‘आपल्यात कसला हिशेब’ हे वाक्य ऐकायला गोड, पण दोस्तीला तेच महागात पडतं. कुरआनात सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नये, हेही त्यात आलं आहे. जवळच्या माणसांना यातून सूट नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा चार कुटुंबं मिळून 16 जण आहेत. एक जोडपं, दोन कुटुंबं चार-चार जणांची आणि एक सहा जणांचं. खोल्या पाच लागल्या : सहा जणांना दोन, बाकीच्यांना एक-एक. एका खोलीचं भाडं 2,000 रुपये धरलं तर एका रात्रीचे 10,000 झाले. ‘चार कुटुंबं, चार समान वाटे’ केले तर प्रत्येकी 2,500 येतात. म्हणजे एका खोलीत राहणारं जोडपं दुसऱ्याच्या खोलीचे 500 भरतं, चार जणांची दोन्ही कुटुंबंही तसंच. तोंडाने कुणी बोलत नाही, मनात मात्र राहतं. खोलीप्रमाणे वाटणी केली तर तिघांना 2,000 आणि मोठ्या कुटुंबाला 4,000, आणि बोलायला जागाच उरत नाही.

म्हणून सोपा नियम असा : मुक्काम खोलीप्रमाणे, रेल्वे ज्याची त्याची, गाडीभाडं सीटप्रमाणे, जेवण माणशी (लहान मुलांचं अर्धं किंवा माफ, हे आधीच ठरवून), खरेदी ज्याची त्याची. सामायिक पैसे एकाच्याच हातात असावेत आणि रोज रात्री पाच मिनिटं काढून त्या दिवसाचा खर्च ग्रुपवर टाकावा. आजारपण किंवा गाडी चुकणं यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. उरली तर परत येऊन वाटून घ्यावी.

एक अमीर निवडा

तीन जण प्रवासाला निघाले तर त्यांनी एकाला अमीर करावं, अशी हदीस आहे. सोळा जण असतील तर याची गरज किती, हे रेल्वे स्टेशनवर उतरल्यावर कळतं. अर्धे म्हणतात आधी चहा, अर्धे म्हणतात आधी खोली. अमीर म्हणजे हुकूमशहा नव्हे. सगळ्यांचा मशवरा घेऊन शेवटचा शब्द सांगणारा माणूस, आणि त्याने सांगितलं की बाकीच्यांनी कुरकुर न करता चालावं. मशवऱ्यात घरातल्या बायकांना बसवायला विसरू नका. अनेकदा ठिकाण पुरुष ठरवतात आणि डबे, कपडे, औषधं, मुलं हे सगळं बायकांच्या माथी येतं. त्या सहलीत तरी त्यांना चुलीपासून सुट्टी मिळायला हवी. त्यामुळे ‘स्वयंपाकघर असलेली खोली स्वस्त पडते’ असं कुणी सुचवलं, तर आधी हे विचारा की तिथे स्वयंपाक करणार कोण?

तिकिटं : रमजानमध्येच लक्ष ठेवा

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी, सकाळी आठ वाजता उघडतं. 30 एप्रिलच्या रात्री निघायचं तर जाण्याचं आरक्षण 1 मार्चला आणि 3 मेच्या परतीचं 4 मार्चला उघडेल. म्हणजे ऐन रमजानमध्ये. सहरी-फजरनंतर डोळा लागला की आठ वाजून जातात, म्हणून ही जबाबदारी दोघांवर द्या. ऑनलाइन आरक्षण उघडल्यावर सुरुवातीला आधार-प्रमाणित खात्यांनाच तिकीट काढता येतं, तेव्हा खातं आधीच आधारला जोडून ठेवा. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणून सोळा जणांच्या याद्या नाव-वयासह तयार ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला बर्थ न घेतल्यास अर्धं भाडं, बर्थ घेतल्यास पूर्ण. तत्काळच्या भरवशावर सोळा जणांची सहल ठरवू नये.

ग्रुपमध्ये शिक्षक असतील तर आणखी एक गोष्ट. 1 मेचं ध्वजवंदन आम्हा शिक्षकांना चुकवता येत नाही. अशा कुटुंबाने शुक्रवारी निघून शनिवारी सामील व्हावं. खालची आखणी तशीच केली आहे, शुक्रवारी कमी आणि महत्त्वाचं शनिवार-रविवारी.

तीन दिवसांची आखणी

हैदराबादला जाणाऱ्यांची नेहमीची फजिती अशी की शुक्रवारी सालारजंग म्युझियम आणि चौमहल्ला पॅलेस दोन्ही बंद असतात. तेव्हा ती दोन्ही शुक्रवारी ठेवूच नका. दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात तिथे पारा चाळिशीला टेकतो. म्हणून उघड्यावरची ठिकाणं सकाळी आणि संध्याकाळी पाहायची, दुपारी छताखाली राहायचं.

शुक्रवार : गाडी दुपारच्या आसपास पोहोचते. नामपल्ली स्टेशन परिसरात लॉज भरपूर आहेत, मेट्रोही तिथे आहे. दुपारी आराम करा. असरनंतर चारमिनार, जो 1591 मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने बांधला. शेजारीच मक्का मशीद. तिचं काम 1617 च्या सुमारास मुहम्मद कुतुबशहाच्या काळात सुरू झालं आणि 1694 मध्ये औरंगजेबाच्या काळात पूर्ण झालं. मगरिबची नमाज तिथे पढून लाड बाजारात जावं. लाखेच्या बांगड्या घेताना भाव करायला लाजू नका, तिथे तो रिवाजच आहे.

शनिवार : सकाळी नऊला, उघडताक्षणी गोवळकोंडा. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते. त्या काळची ती पहाऱ्याची व्यवस्था होती, मुलांना हे करून दाखवा. वर जायला साडेतीनशेहून जास्त पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना खालीच सावलीत बसवा, सोबत एक जण ठेवा. तिथून कुतुबशाही मकबरे जवळच. 2013 पासून आगाखान ट्रस्टने त्यांच्या जतनाचं मोठं काम हाती घेतलं. हयात बख्शी बेगमचा मकबराही तिथेच आहे. ती एका सुलतानाची मुलगी, दुसऱ्याची बेगम आणि तिसऱ्याची आई होती. मुलींना तिची गोष्ट जरूर सांगा. दुपारी जेवण आणि आराम, संध्याकाळी हुसेनसागर तलावाच्या काठी टँकबंडवर.

रविवार : सकाळी दहाला सालारजंग म्युझियम. बुरख्याआडून चेहरा दिसावा असा संगमरवरी ‘रेबेका’ पुतळा आणि तासागणिक टोले देणारी बाहुल्यांची घड्याळ, या दोन गोष्टी चुकवू नका. बारा टोल्यांच्या वेळी गर्दी होते, म्हणून थोडं आधी जाऊन बसा. जेवणानंतर चौमहल्ला पॅलेस. मग सामान घेऊन स्टेशन.

वेळा आणि सुट्ट्या बदलतात, निघण्याच्या आठवड्यात एकदा खात्री करून घ्या.

नमाज : प्रवासातली सवलत

सुमारे 78 किलोमीटरहून लांबचा प्रवास असल्याने इथे कसर लागू होते, म्हणजे जुहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी दोन. फजर आणि मगरिब पूर्वीप्रमाणेच. स्थानिक इमामामागे पढत असाल तर मात्र पूर्ण चार. मुसाफिरावर जुम्मा फर्ज नाही, गाडीला उशीर झाला तर जुहर पढावी. ग्रुपमध्ये कोकणी कुटुंबं असतील तर ती बहुधा शाफई असतात, बाकीचे हनफी. शाफई मसलकात प्रवासात जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढता येते, हनफी आपापल्या वेळेवर पढतात. यावरून प्लॅटफॉर्मवर वाद घालायचं काही कारण नाही, दोन्ही आपल्या जागी आहेत. शंका असेल तर निघण्याआधी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारा.

नातेवाईकांकडे उतरावं का?

‘खालूजान आहेत ना हैदराबादला’ हा मोह प्रत्येक ग्रुपमध्ये कुणाला तरी होतो. भेटायला जरूर जा, मिठाई घेऊन जा. पण सोळा जणांनी दोन खोल्यांच्या घरात उतरणं म्हणजे यजमानाला तंगीत टाकणं, आणि पाहुण्याने तसं करू नये हीही आपल्याला शिकवण आहे. एक वेळचा चहा घ्या, उस्मानिया बिस्किटं खा, दुआ घेऊन निघा.

सामानात काय हवं

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र, ओआरएसची पाकिटं, नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची, टोप्या-छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, हलकी जानमाज. प्रत्येक लहान मुलाच्या खिशात एका मोठ्याचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी. लाड बाजारच्या गर्दीत हात सुटायला वेळ लागत नाही.

आणि ग्रुपवर आज रात्री मेसेज टाकणार असाल तर ‘कुठे जायचं’ हा प्रश्न नंतर विचारा. आधी एकाला अमीर करा आणि लिहा, ‘ज्याला जितकं परवडतं, ते फक्त अमीरला कळवा.’ घरी काम आहे म्हणणारा तो दोस्त कदाचित यावेळी गाडीत तुमच्या शेजारी बसलेला असेल.