डॉक्टरला नियम, मालकाला मोकळं रान

पिंपळगाव राजातला पेशंट छातीत दुखतंय म्हणून गावातल्या दवाखान्यात जातो. डॉक्टर ईसीजी बघतात, चिठ्ठी लिहितात आणि मुलाला बाजूला घेऊन सांगतात, "खामगावात वेळ घालवू नका, थेट अकोल्याला न्या." चिठ्ठीवर हॉस्पिटलचं नाव असतं. हेच का, दुसरं का नाही, हे विचारायच्या अवस्थेत त्या वेळी घरचं कुणीच नसतं. म्हणून हा प्रश्न कायद्यानेच विचारायला हवा.

कायदा तो विचारतो, पण फक्त डॉक्टरला. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन, भेट किंवा बोनस देण्याघेण्यास साफ मनाई आहे. तक्रार सिद्ध झाली तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते. पण मोठ्या हॉस्पिटलची मालक असते कंपनी. तिची परिषदेकडे नोंदणीच नसते, मग निलंबित काय करणार? या महिन्यात ॲडमिशन किती, अँजिओग्राफी किती, असा हिशेब पगारी डॉक्टरकडे मागणारा व्यवस्थापक आचारसंहितेच्या बाहेरच राहतो.

वकिलांचं बघा. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. 1949 च्या सनदी लेखापाल कायद्याचं कलम 25 तर कंपनीला सीएचा व्यवसायच करू देत नाही. अशिलाचं हित आणि धन्याचा नफा यांत ओढाताण होते, हे तिथे मान्य झालं. जिथे जिवाशी गाठ आहे, तिथे मात्र दार सताड उघडं: 1983 मध्ये चेन्नईत अपोलो हे कंपनीच्या मालकीचं हॉस्पिटल सुरू झालं आणि 2000 पासून रुग्णालयांत 100 टक्के परदेशी गुंतवणुकीलाही मुभा मिळाली.

अमेरिकेत कॅलिफोर्निया, टेक्सास अशा राज्यांत कंपनीने डॉक्टरला नोकरीवर ठेवून वैद्यकी करण्यावर जुनी बंदी आहे. पळवाट तिथेही निघाली. कागदावर दवाखाना डॉक्टरचा, पैसा आणि कारभार व्यवस्थापन कंपनीचा. ओरेगॉनने 2025 मध्ये कायदा करून ही वाट आवळली.

कॉर्पोरेट हॉस्पिटलं नकोतच, असं मी म्हणणार नाही. महागडी यंत्रं आणि चोवीस तासांचा अतिदक्षता विभाग एकट्या डॉक्टरला झेपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सविता गर्ग प्रकरणात सांगितलं, की डॉक्टर पगारी असो वा करारावर, हलगर्जीपणाची जबाबदारी हॉस्पिटललाही टाळता येणार नाही. पण ती जबाबदारी नुकसान झाल्यावरची. आधीचा दबाव तिने थांबत नाही.

महाराष्ट्राने 2017 मध्ये निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीकडून कट प्रॅक्टिसविरोधी, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या कमिशनविरोधी, कायद्याचा मसुदा करून घेतला होता. त्याचा कायदा झाला नाही. तो मसुदा पुन्हा टेबलावर यायला हवा आणि त्यात दोन कलमं हवीतच: डॉक्टरचा पगार ॲडमिशन आणि ऑपरेशनच्या आकड्यांशी बांधणारा करार बेकायदा, आणि उपचाराच्या निर्णयात ढवळाढवळ करणाऱ्या मालकाला थेट शिक्षा.