हद्द न ठरविता केलेला करार

काझीपेठहून बल्लारशहाकडे निघालेली आगगाडी गोदावरी ओलांडते, मंचिर्याल मागे टाकते आणि मग कोळशाच्या खाणींचे बेल्लमपल्ली लागते. भारत व चीन यांच्या शिखर परिषदांच्या विवेचनात या गावाचे नाव कसे आले, असे कोणासही वाटेल. त्याचे कारण नदीच्या पलीकडे आहे. गोदावरीच्या दक्षिणेकडील मंथनी मतदारसंघातून १९५७ पासून १९७७ पर्यंत पी. व्ही. नरसिंह राव विधानसभेवर निवडून येत होते. नागपुरास कायद्याचे शिक्षण घेतलेले, हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे आणि पुढे रामटेकहून लोकसभेत गेलेले हे गृहस्थ महाराष्ट्रास परके नव्हते. पंतप्रधान या नात्याने त्यांनी सप्टेंबर १९९३ मध्ये बीजिंगला जाऊन जो करार घडवून आणला, त्याचे मर्म ध्यानात घेतल्यावाचून या दोन शेजाऱ्यांचे नंतरचे वर्तन उलगडत नाही.

तत्पूर्वीच्या भेटींचा इतिहास फारसा सुखद नाही. १९५४ च्या करारात पंचशीलाची तत्त्वे होती, पण हद्दीचा पत्ता नव्हता. एप्रिल १९६० मध्ये चौ एन-लाय दिल्लीस आले. आठवडाभर खल होऊन दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी आपापली कागदपत्रे तपासावीत, एवढेच निष्पन्न झाले. दोन वर्षांनी युद्ध पेटले. त्या हिवाळ्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले आणि हिमालयाच्या मदतीस सह्याद्री धावल्याचे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी कायमचे बसले. त्यानंतर भारताचा पंतप्रधान चीनला जाण्यास १९८८ चा डिसेंबर उजाडावा लागला. राजीव गांधींच्या त्या भेटीच्या वेळी परराष्ट्रखाते नरसिंह रावांकडेच होते.

१९९१ साली ते पंतप्रधान झाले तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीस पुरेल इतकी उरली होती. वर्षअखेरीस सोव्हिएत संघ मोडला आणि संकटकाळी ज्याच्याकडे पाहावे असा मित्रही गेला. अरुणाचलातील सुमदोरोंग चू खोऱ्यात १९८६-८७ मध्ये दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली होती, ती आठवणही जुनी झाली नव्हती. अशा वेळी उत्तर सीमेवर निवांतपणा हवा होता. वाद मिटण्याची वाट पाहण्यास सवड नव्हती.

मग राव यांनी केले काय? आपल्याकडे दोन भाऊबंदांत बांधाचा तंटा असतो. मोजणी होईपर्यंत शेत पडीक ठेवणे परवडत नाही, आणि मोजणीचा दिवस तर ठरत नाही. तेव्हा शहाणी माणसे म्हणतात, आज ज्याची वहिवाट जेथवर आहे तेथवर त्याने राहावे, कुऱ्हाड कोणी उचलू नये, आणि आजच्या वहिवाटीने कोणाचाही मूळ हक्क बुडाला असे समजू नये. ७ सप्टेंबर १९९३ चा करार नेमका हाच आहे. दोन्ही देशांनी प्रत्यक्ष ताबारेषेचा मान राखावा, बळाचा वापर करू नये अथवा तशी धमकी देऊ नये, सीमेवरील सैन्य कमीत कमी ठेवावे, आणि या रेषेच्या उल्लेखाने मूळ सीमाप्रश्नावरील कोणाच्याही भूमिकेस बाध येऊ नये, अशी त्याची कलमे आहेत. नोव्हेंबर १९९६ मध्ये च्यांग झमिन दिल्लीस आले असता त्यास पुरवणी करार जोडला गेला. रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत कोणी गोळी झाडू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

या कराराचे मोल कमी लेखू नये. त्याच्या आश्रयाने पुढे व्यापार इतका फोफावला की २०२१ साली तो शंभर अब्ज डॉलरच्या वर गेला. पण ज्या रेषेचा मान राखायचा ती कोठून जाते, हे कोणत्याच कागदावर नव्हते. हा त्यातील खरा पेच होता, आणि तो राव यांना दिसत नव्हता असे मानण्याचे कारण नाही. रेषेविषयीचे मतभेद तज्ज्ञांनी तपासावेत, अशी तरतूद त्यांच्या करारातच आहे. २००० साली मधल्या विभागाचे नकाशे परस्परांना देण्यात आले. लडाखकडील विभागाची पाळी येताच २००२ मध्ये ते काम अडले, आणि तसेच राहिले. दोन्ही बाजूंचे गस्तीपथक एकाच भूमीला आपली समजून चालू लागले, तर कधीतरी गाठ पडणारच.

ती १५ जून २०२० रोजी गलवानच्या खोऱ्यात पडली. दगड, दांडके आणि खिळे ठोकलेल्या सळया यांनी झालेल्या झुंजीत भारताचे वीस सैनिक कामी आले. चीनने पुढे आपले चार मेल्याचे मान्य केले. बंदूक चालली नाही, कारण गोळी न झाडण्याचा निर्बंध पाळला गेला. तो पाळूनही माणसे मेली. सप्टेंबरात पँगाँगच्या काठी हवेत बार निघाले आणि त्याचा दोष प्रत्येकाने दुसऱ्याच्या माथी मारला. १९७५ नंतर या सीमेवर गोळीचा आवाज झाला तो तेव्हा.

पुढील चार वर्षे शिखर परिषदा जवळजवळ थांबल्या. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी देपसांग व देमचोक येथील गस्तीविषयी समझोता झाल्याचे जाहीर झाले आणि दोनच दिवसांनी कझान येथे नरेंद्र मोदी व शी जिनपिंग यांची भेट झाली. पुढील वर्षी कैलास-मानसरोवराची यात्रा व थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीस आले असता, सीमा आखण्याच्या कामी जेथे लवकर एकमत होण्याजोगे आहे तेथे काय करता येईल, हे पाहण्यासाठी तज्ज्ञगट नेमण्याचे ठरले.