शोधकाचा शिधा

आपल्याकडे दान म्हटले की घाट, धर्मशाळा, अन्नछत्र डोळ्यांपुढे येते. साताऱ्याचे रावबहादुर रा. रा. काळे हे मुंबई कायदेकौन्सिलाचे सभासद. त्यांचे दान निराळे. १९३० साली त्यांनी भारत सेवक समाजाच्या हाती द्रव्य सोपविले व पुण्यास गोखले राज्यशास्त्र-अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. नाव स्वतःचे नव्हे; १९०२ च्या अंदाजपत्रकावर आकड्यांनिशी सरकारास जाब विचारणाऱ्या नामदार गोखल्यांचे! पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीची व पुण्यातील कुटुंबांची पाहणी केली. वाचकहो, अन्नछत्र आजची भूक भागविते. परंतु भूक का पडते, हे शोधणाऱ्यासही कोणी शिधा द्यावा लागतो. तो काळ्यांनी दिला.