कंपनीला मत नाही, मग तिच्या देणगीचे वजन किती?

मतदान केंद्रावर उद्योगपती आणि सफाई कामगार दोघांच्याही बोटाला एकच शाई लागते. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता : राजकारणात आपण 'एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य' मानणार, पण सामाजिक-आर्थिक विषमता तशीच राहिली तर ही विसंगती लोकशाहीलाच धोक्यात आणेल. पक्षांना मिळणारा कंपन्यांचा पैसा हे याच विसंगतीचे रूप आहे.

हा प्रश्न नवा नाही. राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून टाटांच्या पोलाद कंपनीने नियमावलीत बदल करायचे ठरवले. १९५७ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यानुसार परवानगी दिली, पण हा पैसा लोकशाहीला घातक ठरू शकतो असेही बजावले. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्यात दोन अटी होत्या. देणगी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देता येई आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे हिशेबात दाखवावे लागे.

२०१७ च्या वित्त कायद्याने या दोन्ही अटी काढल्या. २०१८ पासून निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून रोखे घ्यायचे आणि पक्षाला द्यायचे. देणाऱ्याचे नाव मात्र जनतेला कळणार नाही. तोट्यातली कंपनीही हवी तेवढी देणगी देऊ शकत होती.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना एकमताने रद्द केली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणणे मतदाराचा अधिकार आहे, असे सांगत देणगीची मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द केली. मार्चमध्ये याद्या जाहीर झाल्या. त्यात तपास यंत्रणांची कारवाई सुरू असलेल्या कंपन्याही होत्या. म्हणून प्रत्येक देणगी लाच ठरत नाही. पण नाव कळल्याशिवाय प्रश्नही विचारता येत नाही.

रोखे गेले, तरी कंपन्यांच्या देणग्या थांबलेल्या नाहीत. इलेक्टोरल ट्रस्टमार्फत आणि थेटही त्या दिल्या जातात. फरक एवढाच की वीस हजारांवरील देणगीदारांची नावे पक्षांना निवडणूक आयोगाला कळवावी लागतात आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर वाचता येतात.

जयंतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशोब आपण मंडळाकडून मागतो. बिल्डरने मोठी रक्कम दिली, तर वस्तीच्या पुनर्विकासावर मंडळ गप्प बसेल का, हेही विचारतो. हाच हिशोब पक्षांकडे, आपल्या मानलेल्या पक्षाकडेही, मागायला हवा. प्रत्येक तालुक्यात दोन-चार तरुणांनी बसून हे अहवाल वाचावेत आणि मत मागायला येणाऱ्या उमेदवारासमोर ठेवावेत.