अ‍ॅग्नेस की अ‍ॅन?

सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एखाद्या सामान्य बाईचं कूळ शोधायला निघालेला माणूस आधी चर्चची नोंदवही उघडतो आणि बहुधा तिथेच हिरमुसतो. १५३८ मध्ये, आठव्या हेन्रीच्या काळात, त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायला लावली. पण कितीतरी ठिकाणच्या हाती लागणाऱ्या वह्या त्यानंतर वीसेक वर्षांनी सुरू होतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत पुष्कळदा फक्त बापाचं नाव असतं. लग्नानंतर आडनाव बदलतं, आणि नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला मृत्युपत्रही करता येत नसे. त्यामुळे सामान्य बायकांचा इतिहास कागदावर उतरलाच नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मला हे पटत नाही. तो उतरला आहे, पण दुसऱ्यांच्या कागदांत. नुसत्या नावामागे न धावता बाईच्या भोवतालची माणसं शोधली, तर ती सापडते.

स्ट्रॅटफर्डजवळच्या शॉटरीतल्या शेतकऱ्याची मुलगी, शेक्सपिअरची बायको अ‍ॅन हॅथवे हिचंच पाहा. थडग्यावरच्या लेखाप्रमाणे १६२३ मध्ये ती ६७ वर्षांची होऊन वारली, म्हणजे जन्म १५५६ च्या सुमाराचा. स्ट्रॅटफर्डची वही सुरू होते १५५८ पासून, त्यामुळे तिच्या बाप्तिस्म्याची नोंदच नाही. वडील रिचर्ड हॅथवे यांच्या १५८१ च्या मृत्युपत्रात लग्नासाठी दहा मार्क ठेवलेली मुलगी आहे ‘अ‍ॅग्नेस’. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात वुस्टरच्या बिशपच्या कार्यालयात चाळीस पौंडांचा विवाह-जामीन लिहिला गेला. त्यात वधू आहे ‘अ‍ॅन’ हॅथवे. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या परवान्याच्या नोंदीत तर ‘अ‍ॅन व्हेटली’ असं भलतंच आडनाव आहे, आणि त्यावरून दुसऱ्या प्रेयसीच्या कहाण्या रचल्या गेल्या. पण त्याच दिवशी त्या कार्यालयात व्हेटली नावाच्या एका माणसाचं प्रकरण चाललं होतं. कारकुनाची लेखणी घसरली, हेच मला जास्त संभवनीय वाटतं.

मग अ‍ॅग्नेस आणि अ‍ॅन एकच कशावरून? त्या काळी अ‍ॅग्नेसचा उच्चार ‘अ‍ॅनिस’च्या जवळ जाई आणि ही दोन नावं एकमेकांच्या जागी वापरली जात. तेवढ्यावर मी विसंबणार नाही. जामिनावर नावं आहेत फुल्क सँडेल्स आणि जॉन रिचर्डसन या शॉटरीच्या दोन शेतकऱ्यांची. रिचर्ड हॅथवेच्या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याचं काम याच सँडेल्सकडे होतं, आणि रिचर्डसन त्या मृत्युपत्राचा साक्षीदार होता. बाप गेल्यावर मुलीच्या लग्नाला त्याच्या विश्वासातली माणसं उभी राहिली. नावापेक्षा हा पुरावा भक्कम आहे.

शेक्सपिअर मोठा झाला म्हणून हे सगळं जपलं गेलं, हा आक्षेप येईल. पण १५८२ मध्ये तो हातमोजे करणाऱ्याचा अठरा वर्षांचा मुलगा होता. असे जामीन परवान्याने लग्न करणाऱ्या कुणाकडूनही घेत. त्याच्या कीर्तीने हे कागद वाचले गेले, लिहिले गेले नाहीत. मृत्युपत्र करण्याजोगं काही नसलेल्या घरांतल्या बायकांसाठी निराळे कागद आहेत. धर्मन्यायालयात साक्ष देताना बाईला अनेकदा वय, जन्मगाव आणि पोट कशावर भरते ते सांगावं लागे. १६६२ च्या कायद्यानंतर गरिबाला कोणत्या गावाने पोसायचं हे ठरवताना बाईचा जन्म, चाकरी, लग्न यांची चौकशी होई.

अ‍ॅनच्या हातचं एक अक्षरही उरलेलं नाही. पण तिच्या वडिलांचा मेंढपाळ थॉमस व्हिटिंग्टन याने १६०१ मध्ये मृत्युपत्र केलं. त्यात त्याने लिहून ठेवलं, की आपले चाळीस शिलिंग विल्यम शेक्सपिअरच्या बायकोकडे, अ‍ॅनकडे आहेत. ते स्ट्रॅटफर्डच्या गरिबांना द्यावेत.